मूळ हात

मुकुंद परचुरे रोज सकाळी आपल्या बायकोला नमस्कार करत. अगदी अदबीनं, ओटीवरच्या खुर्चीतून अर्धं उठून. मग विचारत, "कुठल्या गाडीनं आलात?" एकतीस वर्षं एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाच्या लेखी अनोळखी माणूस कुठल्या तरी गाडीनंच येतो. शुभदा म्हणे, "चालतच आले," आणि चहाचा कप त्यांच्या हातात देऊन कामाला लागे.

हे सकाळचं झालं. दुपारी साडेबाराला पान वाढलं की चित्र पालटे. मुकुंदराव आमटीभात कालवत, पहिला घास घेत, सावकाश चावत. तो घास उतरेपर्यंत चेहरा कोरा. मग कपाळावरची आठी सैल पडे, मान वर होई, आणि समोर बसलेल्या बाईकडे बघून ते म्हणत, "शुभे, मीठ बेतानं घालत जा गं." मीठ बेताचंच असे. पण शुभदाची त्या वाक्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्या वाक्यापासून चारच्या चहापर्यंत ती त्यांची बायको असे. दिवसातले साडेतीन तास. पुष्कळ बायकांना नवऱ्याचा एवढाही वेळ मिळत नाही, असं ती सायलीला फोनवर सांगे आणि मायलेकी हसत.

चिपळूणच्या डॉक्टरांनी याचं कारण समजावून सांगितलं होतं. नावं, चेहरे, तारखा मेंदूच्या ज्या भागात नोंदल्या जातात तो भाग मुकुंदरावांच्या बाबतीत झिजत चालला होता. नवं काही तिथं उमटतच नव्हतं; मनाला लागलेलं तेवढं कुठंतरी ओरखड्यासारखं राही. वासाची आणि चवीची वाट मात्र वेगळी, फार जुनी आणि आडबाजूची. ती शाबूत होती. डॉक्टर म्हणाले होते, "ती वाट जपा. तेवढीच आहे."

शुभदानं ती जपलीच होती. निदान तिला तसं वाटत होतं.

गुहागरात घराबाहेर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी लावायची रीत जुनीच. दोन हजार बेचाळीस सालापर्यंत पाट्या गेल्या आणि 'घरचं पान' आलं. मोबाइलवर घर निवडायचं, यजमानीण निवडायची, आणि हॉटेलात न जाता तिच्या माजघरात बसून तिच्या हातचं जेवायचं. खालच्या पाटातल्या, म्हणजे त्यांच्या आळीतल्या, निम्म्या घरांत रोज चार-सहा परकी माणसं जेवून जात. सायलीनं पुण्याहून आईचं नाव परस्पर घातलं. "आई, तू बाबांना सोडून कुठे जाऊ शकत नाहीस," ती म्हणाली. "मग माणसांनाच तुझ्याकडे येऊ दे. बोलायला कुणी मिळेल."

बोलायला माणूस हवंच होतं. शुभदा हो म्हणाली.

कंपनीची मुलगी येऊन दोन वस्तू देऊन गेली. एक बशीएवढी चकती, शेगडीच्या वर भिंतीला चिकटवायची. तिला सगळे 'नाक' म्हणत. तिच्या पोटात चौसष्ट ठिपके होते, प्रत्येकावर निराळ्या रसायनाचा लेप. फोडणीची वाफ वर गेली की तिच्यातले काही कण या ठिपक्यावर बसत, काही त्या. कुठला ठिपका किती चेतला यावरून वासाची एक रांगोळी तयार होई. हिंग फुलल्याची रांगोळी वेगळी, करपल्याची वेगळी. दुसरी वस्तू म्हणजे बांगडी. ती मनगटातल्या स्नायूंचा ताण मोजे. चिमटीत किती मोहरी आली हे डोळ्यांच्या आधी स्नायूंना कळतं, आणि स्नायूंकडून बांगडीला.

"पहिले चाळीस दिवस आम्ही फक्त बघणार," मुलगी म्हणाली. "तुमचा मूळ हात नोंदवून घेणार. मग पाहुण्यांच्या आवडीप्रमाणे बांगडी अधूनमधून सुचवेल. हलकीशी टिचकी. नको असेल तर दुर्लक्ष करा."

दोन दिवस ती मुलगी स्वयंपाकघरात बसून होती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, तुम्ही चाखून बघतच नाही?"

"देवाला दाखवल्याशिवाय?" शुभदा म्हणाली. "उष्टं होईल ना."

परचुऱ्यांच्या घरात नैवेद्याआधी कण जिभेवर ठेवायची पद्धत नव्हती. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की चाखून कुणीही करेल, वासावर करून दाखव. शुभदानं अडतीस वर्षं वासावर करून दाखवलं. डाळ घोटल्याचा आवाज, आमसुलं पडल्यावर बदलणारा रंग, गूळ विरघळल्यावर वाफेला येणारी गोडसर धार. यावर तिचा स्वयंपाक चाले आणि याचा तिला थोडा ताठाही होता. मुलीनं कौतुकानं मान हलवली आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं.

पाहुणे येऊ लागले. नागपूरचे, हैदराबादचे, एकदा तर नॉर्वेचं एक जोडपं. त्यांच्या ताटांखाली कंपनीचा पातळ पाट असे. पहिल्या घासानंतर दुसरा किती लवकर घेतला, वाटी किती रिकामी झाली, हे त्याला कळे. शुभदाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पानात किती टाकलंय हे तीही बघायचीच. वर्षभरात तिचं पान महिनाभर आधी सांगून ठेवावं लागू लागलं. मुकुंदराव पाहुण्यांबरोबर मजेत जेवत, चिपळूणच्या गाड्या सांगत, पहिला घास उतरला की "शुभे" म्हणत. पाहुण्यांना वाटे, किती प्रेमळ जोडपं.

मग कार्तिकातल्या एका मंगळवारी त्यांनी पहिला घास घेतला आणि आठी तशीच राहिली. दुसरा घेतला. तिसरा. वाटी थोडी पुढे सारून ते म्हणाले, "जेवण उत्तम आहे. आपल्याकडे खानावळ किती वर्षं आहे?"

शुभदा हसली. पाहुणे समोर होते. तिला वाटलं, आज सर्दी असेल.

सर्दी नव्हती. बुधवारी तेच झालं, गुरुवारीही. शुक्रवारी जमलं. शनिवारी पुन्हा नाही. पौष उजाडेपर्यंत "शुभे" आठवड्यातून एकदा ऐकू येऊ लागलं, आणि माघात तेही थांबलं. उलट मुकुंदराव अस्वस्थ होऊ लागले. घास घेत, थांबत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. "हे आमच्या घरचं नव्हे," ते म्हणत. "आमची मंडळी कुठे गेली? तिच्या हातची आमटी अशी नसते."

"मीच केलीय हो," शुभदा म्हणे. "मीच तुमची मंडळी."

"तुम्ही चांगल्या आहात," ते समजुतीनं म्हणत. "पण ही तिची नव्हे."

डॉक्टर म्हणाले, दुखणं पुढे सरकतंय, हे होणारच होतं. सायली आली, चार दिवस राहिली, जेवली आणि म्हणाली, "आमटी नेहमीसारखीच आहे की गं आई." शेजारच्या आठल्यांच्या सुनेनंही तेच सांगितलं. सगळ्या जगाचं म्हणणं एक आणि मुकुंदरावांचं एक. आणि त्यांच्या म्हणण्याला कुणी काय धरावं? त्यांना तर आज वार कुठला हेही सांगता येत नव्हतं.

एका दुपारी शुभदाचा तोल गेला. त्या दिवशी पाहुणे नव्हते, दोघंच होती. त्यांनी वाटी सारली आणि ती एकदम म्हणाली, "अडतीस वर्षं हेच खाताय तुम्ही. हाच हात, हीच बाई. रोज रोज काय म्हणून ऐकून घ्यायचं मी? खायचं तर खा, नाहीतर उठा."

मुकुंदराव उठले. हात खरकटाच होता, तो डाव्या हातात धरून त्यांनी नमस्कार केला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "परक्याच्या घरी येऊन नावं ठेवू नयेत."

ती त्या दिवशी जेवली नाही. आपण आजारी माणसावर ओरडलो याची लाज तिला वाटली, पण त्याहून जास्त राग आला. तिला वाटलं, हा माणूस मला विसरला ते विसरला, वर माझा हातही नाकारतोय. तो राग तिनं बरेच दिवस जपला. पुढे त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटायचं होतं.

वैशाखात 'घरचं पान'ला दोन वर्षं झाली आणि कंपनीनं तिला एक अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मोबाइलवर फुलं उधळली गेली. खाली 'तुमच्या हाताचा प्रवास' असा मथळा आणि रंगीत रेघा. आपल्या हाताचा प्रवास कसला, म्हणून ती कौतुकानं वाचू लागली. गुळाची रेघ खाली आली होती. आमसुलांची त्याहून खाली, निम्म्यावर. गोड्या मसाल्याची चढली होती. मेथीदाण्यांची रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती आणि गेले दहा महिने तिथंच होती.

"मेथी तर मी घालते," शुभदा मोठ्यानं म्हणाली.

तिनं मिसळणाचा डबा उघडला. मोहरीची वाटी अर्धी, जिऱ्याची अर्धी, हळद तळाला. मेथीची काठोकाठ भरलेली. चमचा घातला तर दाणे एकमेकांना धरून वर आले, आत जाळी झाली होती.

फोडणीत चार मेथीदाणे टाकून ते तांबूस होईपर्यंत थांबायचं, हे तिला आत्ता विचारलं असतं तरी तिनं झोपेत सांगितलं असतं. सांगितलं असतं, आणि हातानं केलं नसतं. दहा महिने केलं नव्हतं आणि तिला पत्ताच नव्हता. ती डबा मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. बाहेर ओटीवर मुकुंदराव आठल्यांच्या सुनेला गाडीची वेळ सांगत होते. गेले सहा महिने या घरात एकच माणूस खरं बोलत होता, आणि आपण त्याला पानावरून उठवलं होतं.

कंपनीच्या फोनवर वाकणकर नावाचा तरुण आला. बोलायला चांगला होता. शुभदानं विचारलं ते त्यानं लपवलं नाही.

"काकू, जिभेला फरक कळायला तो एका ठरावीक मापाच्या वर जावा लागतो," तो म्हणाला. "दहातला एक भाग बदलला तर कळतं. बांगडी एका वेळी शंभरातले दोन बदलते. हातही तसाच. टिचकी बसली की तो इतकासा आवरतो, आणि लहान मेंदू ते नवं माप पक्कं करून टाकतो. सायकलवर तोल कसा सावरतो हे आपण सांगू शकत नाही ना, तसंच. यजमानांना कळतही नाही."

"चाखलं असतं तर कळलं असतं का?"

"काहींना कळतं. करताना चाखणारे मध्येच बांगडी काढून ठेवतात. तुमचा हात आम्हाला आजवर मिळालेला सगळ्यात... म्हणजे त्यानं कधीच विरोध केला नाही."

सासूबाईंचा शब्द तिनं अडतीस वर्षं पाळला होता. तोच नेमका त्यांना सोयीचा पडला होता.

"मग माझ्या मुलीला का नाही कळलं? शेजारणीला?"

"त्या अधूनमधून जेवत होत्या. थोडं थोडं सरकत त्यांच्याही जिभा बरोबर आल्या." मग त्यानं आवाज खाली आणला. "काकू, काकांना नवीन आठवणी राहत नाहीत असं तुम्ही म्हणालात. मग त्यांची जीभ सरकणारच नाही. सरकायला कालची चव आठवावी लागते. त्यांच्याकडे फक्त जुनी आहे. आमच्या सगळ्या यंत्रांपेक्षा त्यांचं माप पक्कं होतं."

शुभदानं बांगडी काढली. दुसऱ्या दिवशी मोजून चार मेथीदाणे घातले, ते जळले. हात आठ दिवस चाचपडला. गूळ वाढवला तर आमटी नुसतीच गुळचट झाली, आमसुलं वाढवली तर दात आंबले. प्रत्येक आमसूल सारखं आंबट नसतं. वास बघून हात आवरायचा असतो, आणि कुठल्या वासाला आवरायचा तेच ती विसरली होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नैवेद्याआधी चाखून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. जिभेला ओळखू येईल असं जुनं काही जिभेवर उरलंच नव्हतं. मुकुंदराव रोज वाटी सारत राहिले.

वाकणकर म्हणाला, उलट जाता येईल. मूळ हाताची नोंद आहे, बांगडी तिकडे परत नेईल. पण पावलं तेवढीच लहान टाकावी लागतील, घाई केली तर हात बिथरतो. दीड वर्ष धरा.

चिपळूणचे डॉक्टर म्हणाले, वर्षभरात घास गिळणं अवघड होत जाईल. पातळ पदार्थ तर आधी बंद.

या दोन वाक्यांमध्ये शुभदा अडकली असताना वाकणकर बोलता बोलता आणखी एक बोलून गेला. तिचा मूळ हात वाया गेला नव्हता. तिच्या आजच्या पानाला मागणी होती तशी जुन्यालाही होती, शहरात राहणाऱ्या कोकणातल्या माणसांकडून. करारातल्या एका कलमानं कंपनीनं तो इतर यजमानिणींना दिला होता. बांगडी घालायची, सहा आठवडे टिचक्या खायच्या, हात तयार. सध्या एकोणीस जणी शुभदा परचुऱ्यांच्या मूळ हातानं स्वयंपाक करत होत्या. नावं मात्र सांगता येणार नाहीत, तो म्हणाला.

नाव सायलीनं काढलं. तिनं पुण्यात 'कोकणी घरगुती' म्हणून जेवढी पानं होती ती एकेक सांगून तिथं जेवायला सुरुवात केली. अकराव्या घरातून, हडपसरहून, तिचा फोन आला.

"आई," ती म्हणाली, "मी आत्ता तुझ्या हातचं जेवले. लहानपणचं. मला कळलंच नव्हतं गं, की ते गेलं होतं."

त्या घरच्या बाईचं नाव रेश्मा मुजावर. मूळची इचलकरंजीची, नवऱ्यामागे दोन मुलांना वाढवणारी, चाळिशीतली. सायलीनं तिला सगळं सांगितलं. कंपनीला कळवायचं नाही असं ठरलं. रेश्मा आपली बांगडी घेऊन पुढच्याच आठवड्यात सायलीबरोबर गुहागरला आली आणि दारातच शुभदाच्या पाया पडली.

"काकू, दीड वर्ष मी तुमच्या हातानं रांधतीय," ती म्हणाली. "तुमास्नी बघायचंच होतं एकदा."

शुभदानं तिला उठवलं. स्वयंपाकघरात नेऊन तिनं देवाची वाटी दाखवली, जरा घुटमळली आणि म्हणाली, "आमच्याकडे नैवेद्याच्या आधी चाखत नाहीत."

"ठाव हाय की मला," रेश्मा म्हणाली. "तुमच्या हातात चाखायला थांबणंच न्हाई. आमच्यात मीठ बघून मग उतरवत्यात. पहिल्या पहिल्यांदा मी थांबायची, तर बांगडी टोचायची. आता घरच्या बिर्याणीलाबी थांबत न्हाई मी. पोरं हसत्यात."

साडेअकराला तिनं डाळ घोटली. शुभदा दाराशी उभी राहून बघत होती. रेश्मानं फोडणीची पळी धरली ती अंगठा वर ठेवून. मेथी पडली, हात क्षणभर थांबला, मनगट हललं. डाव फिरवून झाल्यावर तिनं तो पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला. शुभदाला ते आपटणं ओळखीचं वाटलं आणि मग लक्षात आलं, की आपण हल्ली एकदाच आपटतो. दुसऱ्या बाईच्या अंगावर आपला हात बघणं किती अवघड असतं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. मत्सर वाटावा असं काही त्यात नव्हतं, तरी तो वाटला. मग वाफ वर आली. तो वास नाकात गेल्यावर तिला रडूच आलं. तो आपला होता आणि आपल्याला करता येत नव्हता.

देवाला नैवेद्य दाखवून झाला. साडेबाराला मुकुंदरावांचं पान वाढलं. सायली भिंतीला टेकून बसली. शुभदानं आमटी वाढली आणि नेहमीसारखी त्यांच्या समोर बसली. सकाळीच तिनं त्यांना आवडायची ती जांभळी साडी नेसली होती, आणि आता तिला त्याची उगीचच लाज वाटत होती.

त्यांनी भात कालवला. पहिला घास घेतला, सावकाश चावला. तो उतरला आणि कपाळावरची आठी सैल पडली. इतक्या महिन्यांनी ती सैल पडताना शुभदानं बघितली. मुकुंदरावांनी मान वर केली. डोळे भरून आले होते.

"शुभे," त्यांनी हाक मारली.

"ओ," शुभदा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. परक्या बाईनं मध्येच ओ दिल्यावर बघावं तसं, जरा संकोचून. "तुम्हाला नव्हे," ते हळूच म्हणाले. "आमच्या हिला हाक मारतोय. आत आहे ती." आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून प्रसन्न हसले.

उशीर झाला होता. चव परत आली होती, पण मधल्या महिन्यांत तिला जोडलेला चेहरा पुसून गेला होता. त्यांच्या मनात शुभदा होती ती स्वयंपाकघरात, चुलीपाशी, पाठमोरी. समोर बसलेली ही पिकल्या केसांची बाई तिच्यात कुठे बसत नव्हती. सायलीनं तोंडावर हात दाबून धरला.

"जरा तिला सांगाल का," मुकुंदराव शुभदाला म्हणाले, "आमटी फार चांगली झालीय म्हणून? मी कधी म्हणत नाही. तोंडावर म्हणवत नाही माणसाला. पण रोज वाटतं."

"सांगते," शुभदा म्हणाली.

ती उठून आत आली. शेगडीपाशी रेश्मा डाव हातात धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शुभदा दाराआड भिंतीला टेकून उभी राहिली.

बाहेरून हाक आली. "शुभे, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली.

"होतीस कुठे इतके दिवस?"

संसारातली निम्मी बोलणी त्यांनी या भिंतीतूनच केली होती. ते ओटीवर, ती आत. चेहऱ्याहून तिचा आवाजच त्यांनी जास्त ऐकला होता, आणि आता त्या वासात मिसळून आलेला आवाज त्यांनी एका क्षणात ओळखला.

"इथंच होते," शुभदा म्हणाली. "कुठे जाणार."

"मला वाटलं, रागावून माहेरी गेलीस." ते हसले. घास घेतल्याचा आवाज आला. "ये ना बाहेर. दिसू तरी दे."

शुभदानं पदर डोळ्यांना लावला. बाहेर गेली असती तर सगळं संपलं असतं. ती आणि ते, दोघांनाही पुन्हा परकी माणसंच भेटली असती.

"हात खरकटे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही जेवा. मी आहे."

"बरं बरं. घाई नाही." थोडा वेळ ते नुसते जेवत राहिले. मग त्यांनी आवाज बारीक केला, घरातल्या माणसालाच ऐकू जावा इतका. "शुभे, ही वाढणारी बाई कोण गं? बरेच दिवस बघतोय. भली आहे बिचारी. फार करते माझं. मी एकदा तिला काहीतरी लागेलसं बोललो, तेव्हापासून सारखी रडवेली दिसते. तिचं कुणी नाही वाटतं."

रेश्मानं पुढे होऊन शुभदाचा दंड धरला.

"ऐकलंस का?" मुकुंदराव म्हणाले. "तिला जेवल्याशिवाय सोडू नकोस."

"नाही सोडत," शुभदा आतून म्हणाली. तिनं ताकाचं भांडं रेश्माच्या हातात देऊन तिला बाहेर पाठवलं आणि स्वतः दाराआडच उभी राहिली.